टोपलीतली गांडुळं

ता. ९ ऑगस्ट

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद, वि. वि. (मिशा पिकायला लागल्या तरी मला तू टिल्लूच.)

आम्ही सगळे देवाच्या दयेने ठीक. लेकीला सातवा लागला, ती माझ्याकडेच आहे. डॉक्टरीणबाईंनी हिरवी भाजी भरपूर द्या म्हणून सांगितलंय, तेव्हा नाल्याकाठच्या वाफ्यातला पालक रोज ताटात. घरचं असताना विकत कशाला आणायचं? चिमी म्हणते, आई, बाळ हिरवं निघालं तर तू जबाबदार. तुलाही पिशवी भरून पाठवली आहे, ती मिळाल्याचं कळव. पिशवी चांगली आहे, परत कर.

एक विचारायचं होतं. त्या वाफ्यात कुदळ मारली तर गांडूळ म्हणून दिसत नाही. पूर्वी माती उलटली की साळुंक्या पायात यायच्या, आता त्याही फिरकत नाहीत. खाणीच्या ढिगाऱ्यावरचं काळं पाणी नाल्यात उतरतं, त्याचं तर काही नसेल? पण तू खाणीच्याच प्रयोगशाळेत माती तपासतोस, उन्हाळ्यात ही माती स्वतः घेऊन गेलास आणि खुशाल खा म्हणून कळवलंस. शेजारीण म्हणाली, बाहेरून तपासून घ्या. मी तिला म्हटलं, सख्खा भाऊ सांगतोय, त्यावर आणखी कुणाचा शिक्का हवा?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी ताई

ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि पिशवी दोन्ही पोचलं. गांडुळांचं मनावर घेऊ नकोस. पाणी साचलं की ती जागा सोडतात, पुन्हा येतात. चिमीला फळंही देत जा, रोज पालकच कशाला? आणि माझ्या तपासणीविषयी शेजारीपाजारी फार बोलू नकोस. इथे माझ्या बढतीचं चाललंय, साहेबांची मर्जी सांभाळावी लागते. बाकी क्षेम. तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

टिल्लू

ता. २६ ऑगस्ट

ती. सौ. वन्संना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मागितलीत तशी माझ्या खताच्या टोपलीतली गांडुळं ओल्या मातीसकट डब्यात घालून पाठवते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही. झाकणाला भोकं पाडली आहेत, तेव्हा डबा गेलाच म्हणून समजते.

वन्सं, एक विचारू का? परवा तुमची पिशवी आधी माझ्या हाती लागली; पालक निवडून त्याची देठं मी ह्याच टोपलीत टाकायला गेले, तर हे केवढ्याने ओरडले. म्हणाले, "ते नको टाकू, गांडुळं मरतील." मी विचारलं, मग चिमी खाते त्याचं काय? तर उठून बाहेर गेले. राग मानू नका, पण उन्हाळ्यापासून तुमची भाजी आमच्याकडे शिजलेली नाही. पिशवी आली की हे ती फाटकाबाहेर टाकून येतात आणि बाजारातून दुसरी आणतात. मला वाटत होतं, तुमचं दोघांचं बोलणं झालं असेल. झालंय ना?

चिमीला जपा. ह्या वेड्या धाकटीवर लोभ असावा.

तुमची भावजय

ता. १२ सप्टेंबर

चि. टिल्लूस,

धाकटीने पाठवलेली गांडुळं मी संध्याकाळी त्या वाफ्यात सोडली. सकाळी पाहते तर बरीचशी वर येऊन बांधाकडे निघालेली, काही वाटेतच वाळलेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, खुशाल खा म्हणून. धाकटीला बोललास तर मला खपणार नाही. तिला वाटलं, मला ठाऊक असेल.

त्याच दिवशी पालक बंद केला आणि चिमीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिच्या रक्तात शिसं निघालं. बाळाच्या अंगात किती गेलं असेल, विचारलं. आत्ता काही सांगता येत नाही म्हणाल्या. वाफ्यात आणखी काय काय आहे ते कळलं तर पुढची तपासणी नीट करता येईल, असंही म्हणाल्या.

चिमी ताट सरकवायची ना, तेव्हा मी काय म्हणायचे सांगू? मामाने तपासलंय, खा. एकेक घास तुझ्या नावाने भरवला रे. तुला बढती मिळावी म्हणून देवापुढे हातही मीच जोडत होते. नोकरीची भीती वाटली तर एका ओळीत लिहायचंस, ताई, ते खाऊ नकोस. मी कारणही विचारलं नसतं. टोपलीतल्या गांडुळांसाठी तुझ्या तोंडून ओरड निघाली, माझ्या लेकीसाठी शब्द फुटला नाही.

त्या मातीत जे निघालं ते सगळं डॉक्टरीणबाईंच्या पत्त्यावर पाठव, सहीशिक्क्यासकट. नाल्याकाठी भाज्या लावणाऱ्या बायकांना मी उद्या सांगणारच आहे, आणि कुणी सांगितलं विचारलं तर तुझंच नाव घेणार आहे. तुझ्या नावावर त्यांनाही मीच निर्धास्त केलं होतं.

धाकटीचा डबा घासून परत पाठवला आहे. माझी पिशवी राहू दे.

लोभाचं या खेपेला लिहवत नाही.

चिमीची आई