अण्णा, तुमच्या वाट्याचं कोण चाललं?

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहायची इच्छा नव्हती. तुम्ही जाऊन दोन महिने झाले. रडून झालं, आणि कालपासून मला तुमचा नुसता राग येतोय. तो तुम्हाला सोडून कुणावर काढू?

काल कदमकाका आले होते, आपल्या खालच्या मजल्यावरचे, निवृत्त बस ड्रायव्हर. चहा झाल्यावर म्हणाले, अण्णांच्या मोबाइलमधली ती चालायची गाणी मला टाकून दे, त्या गाण्यांशिवाय पाय उचलत नाही. मी विचारलं, तुम्ही ती कुठे ऐकलीत? काकांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

अण्णा, ती गाणी आपण दोघांनी निवडली होती. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चाला म्हणून बजावलं, त्या रविवारी. मी गाजलेली गाणी काढत होते आणि तुम्ही एकेक उडवत होतात. "ओळखीचं गाणं लागलं की माणूस थांबून गुणगुणतो. ज्याचं पुढचं कडवं माहीत नाही, त्याच्यामागे पाय चालतात." मग तुमची गाणी बाहेर पडली. आठवड्यात उतरलेल्या कुठल्याशा सिनेमातलं टांग्याच्या ठेक्याचं. एका गायिकेचं एकुलतं एक. वेग वाढवायला ढोलकीचं, आणि शेवटी दम खायला एक संथ भावगीत. कारखान्यात लेथवर उभं राहून रेडिओवर ऐकलेली गाणी, मला एकही माहीत नव्हतं. किती हसलो होतो आपण त्या दुपारी!

आणि मग तुम्ही काय केलंत? मोबाइल कदमकाकांच्या खिशात घातलात आणि कालव्याकडेच्या बाकावर बसून राहिलात. चालले काका. संध्याकाळी मी मोबाइलवरचा पावलांचा आकडा बघून तुम्हाला शाबासकी द्यायची आणि तुम्ही ती घ्यायचात. लाज नाही वाटली? काकांची ढेरी उतरलेली मला दिसत होती. कशाने उतरली, हे विचारायचं सुचलं नाही.

मी काकांवर ओरडले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पहिले चार दिवस चालला की तो. तिसऱ्या गाण्याला दम लागायचा, मग टेकायचा. म्हणाला, पोरीला कळलं तर ती बंगळूरला जायची नाय. तिला नोकरीवर रुजू होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला."

हे ठरवणारे तुम्ही कोण?

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेत. मीटरवाल्यालासुद्धा माझी पदवी भिंतीवरून काढून दाखवलीत. मग त्याच शिकलेल्या मुलीला "मला दम लागतो" एवढं सांगता आलं नाही? रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येते, अण्णा. एक मेल लिहायचा असतो. तुम्ही मला विचारलंच नाहीत. माझ्यासाठी म्हणून माझ्याशीच खोटं बोललात.

आणि मी? मी आकडा बघत बसले. तुम्ही रोज जिना चढताना पहिल्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला थांबायचात, तेव्हा मी हसायचे. एवढं शिकून मला तुमचा चेहरा वाचता आला नाही. तुमच्याइतकाच माझा मला राग येतो.

गाणी मी काकांना देणार नव्हते. आई म्हणाली, "दे गं. त्यांना तरी चालू दे." दिली.

बंगळूरच्या लोकांनी माझी जागा अजून ठेवली आहे. मी जाणार आहे, पण तुम्ही खोटं बोललात म्हणून नाही. आधी आईच्या सगळ्या तपासण्या करून घेईन. मग तिथून रोज सकाळी तिला फोन लावेन आणि चालता चालता बोलायला लावेन. ती "मी बरी आहे" म्हणेलच. मी तिचा श्वास ऐकेन.

अजून रागावलेली, तरी तुमचीच,
प्राजक्ता