दिव्यासाठी लावून घेतलेल्या खिडक्या

सर,

आज नमस्कार नाही. आज भांडण आहे. तुमच्या तेरवीला तुमच्याच घरी जाऊन आलो. जेवायला नाही, कूलर बघायला. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

सकाळीच तुमच्या भावाचा फोन. "कूलर गरम हवा फेकून राह्यला, लवकर ये." जठारपेठेतून तसाच निघालो. कॉलेज सोडल्यापासून कूलर दुरुस्तीचंच काम करतो, तुम्हाला ठाऊकच आहे. पाहतो तर मोटर ठणठणीत, पाणी चालू, वाळ्याच्या ताट्या ओल्याचिंब. आणि घरातली माणसं घामानं निथळतायत! का? तर सगळ्या खिडक्या लावलेल्या. तुमच्या फोटोपुढचा दिवा विझू नये म्हणून!

अहो, ज्यानं जन्मभर पोरांना वारा शिकवला, त्याच्याच घरात वाऱ्याला वाट नाही?

आठवतो तो तास? विषुववृत्तावर हवा तापते, वर चढते, लांब जाऊन वाळवंटांवर उतरते, जमिनीलगत परत फिरते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून वारा सरळ येत नाही, आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडं वळतो. उन्हाळ्यात दक्षिणेचे वारे विषुववृत्त ओलांडतात, असेच वळतात आणि नैऋत्येकडून वऱ्हाडात शिरतात. मी मागून ओरडलो होतो, "सर, इतक्या दुरून इथं मरायले कायले येते?" सगळा वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात.

"इथली तापलेली हवा वर निघून जाते, दाब कमी होते, म्हणून येते. जाऊ द्याल तं येईल, बाबू."

तेच मी आज तुमच्या भावाला सांगितलं. "काका, कूलर हवा आत ढकलते, पण आतली बाहेर तं गेली पाहिजे. मागची खिडकी उघडा."

"अन् दिवा इझला तं? अर्ध्यातून कॉलेज सोडलं अन् आमाले शिकवून राह्यला!"

तेवढ्यात रेणुका उठली. तुमची लेक. तिनं खिडकी सताड उघडली आणि दिव्याला दोन्ही हातांचा आडोसा केला. ज्योत थरथरली, पण राहिली. वाळ्याचा वास घरभर झाला. सर, मी तिच्या हातांकडंच बघत होतो. आता लपवून काय करू?

त्याच गार वाऱ्यात बसून काका म्हणाले, "पोरीचं अमरावतीचं राहू द्या आता. बाप गेला, एकटी कुठं जाते?" सगळ्या माना हलल्या. कोणालाच लाज कशी वाटली नाही! आणि मला? क्षणभर बरं वाटलं. अकोल्यातच राहील. रोज दिसेल.

मग तुमचाच राग आला. तिनं अमरावतीला जाऊन भूगोल शिकावा, हे तुम्ही मला सांगितलंत, तिला सांगितलंत. सख्ख्या भावाला काहून नाही? अख्ख्या जगाचे वारे तोंडपाठ, आणि घरात एक वाक्य निघालं नाही?

निघताना तिनं दारात हळूच विचारलं, "तुले काय वाटते? जाऊ?"

"जाय," म्हणालो. एवढंच जमलं.

उद्या काकांशी भांडायला येतोय, सर. येताना दिव्यावर घालायला काच आणतो. तुमचा दिवा विझणार नाही, ते माझ्याकडं लागलं. पण ती खिडकी आता कोणालाच लावू देणार नाही. मलासुद्धा नाही.

तुमचा, मागच्या बाकावरचा
गोपाल