चालवणाऱ्याचं वजन

उस्ताद, तुम्ही गेल्याला आता तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज पहाटे लिहायला बसलो, कारण एका गाडीनं माझं डोकं पार उठवलं आहे. गाडी माझ्या मुलीची. ती सावंगीच्या दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करते, दिवसभर लोकांचे गुडघे आणि कंबरा सरळ करते, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी हॅचबॅक घेऊन शर्यतीत उतरते. रस्त्यावर नाही हो, बंद मैदानावर, हेल्मेट घालून, रीतसर. गाडी तिनं खाली बसवून घेतली आहे. म्हणजे आखूड, कडक स्प्रिंगा टाकल्या आहेत, इतक्या की चाक आणि मडगार्डाच्या मधे दोन बोटंही नीट जात नाहीत. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, हे काय बे, घोरपडीसारखी पोटावर सरपटून राह्यली.

आता शर्यतीची रीत ऐका. एकाच दिवशी दोन फेऱ्या. पहिलीत शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून वळणं घेत जायचं. दुसरीत सरळ पट्टा. गाडी उभी, हिरवा दिवा लागला की सुटायचं. दोन्हींचा वेळ एकत्र धरतात आणि मधे पाना लावायला बंदी. इथंच माझं घोडं पेंड खाते. वळणासाठी पुढची चाकं वरून थोडी आत कलती ठेवली की गाडी वळणाला गोचिडासारखी चिकटते. पण तीच कलती चाकं सरळ सुटताना टायरच्या आतल्या कडेवर उभी राहतात, सगळा टायर जमिनीला लागतच नाही. त्यात ही गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. सुटताना नाक वर उचलते, वजन मागं पळते, आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. मागची बाजू कडक करून वजन थोपवावं, तर वळणावर शेपटी बाहेर फेकते. धरलं तर चावते, सोडलं तर पळते. महिनाभर मी हेच करत होतो, आज हे घट्ट, उद्या ते सैल. जेवताना ताटातल्या भाकरीचेही चार कोपरे मोजायचो. घरच्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, आणि बरंच केलं.

परवा झाली तिच्या आधीच्या शर्यतीत पोरगी वळणात दुसरी आली आणि सुटताना पार बसली. उजवं चाक जागच्या जागी फिरत राहिलं, जमिनीवर एकाच बाजूला काळी रेघ, आणि शेजारची गाडी निघून गेली. घरी आल्यावर तिनं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाली, "बाबा, पुढच्या खेपेले नाई जमलं तर मी गाडी नागपूरच्या वर्कशॉपले देईन. राग नका मानू." राग कसा नाही मानायचा, उस्ताद? नालवाडीत चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. वर्ध्यातल्या डॉक्टरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, आणि घरची पोर गाडी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहणार.

मग मी तुमची आठवण काढली. आर्वीचा एसटी डेपो, त्याच्या मागचं आपलं पत्र्याचं शेड. दुपार आहे. कापूस नेणाऱ्या टेम्पोच्या स्प्रिंगच्या कमानीला आपण नवी पोलादी पानं चढवली आहेत. तुम्ही मागं सरकीची पोती भरायला लावता, कारण रिकाम्या गाडीचे बोल्ट शेवटचे कसायचे नाहीत, हा तुमचा नेम. ड्रायव्हर चहाला गेला आहे, म्हणून मीच उडी मारून त्याच्या जागी बसतो. तुम्ही खालून बाहेर येता आणि कॉलर धरून मला खाली ओढता. "तू नेनार हायेस का बे गाडी? ज्याले चालवाची हाये त्याले बसव." तो काडीपैलवान ड्रायव्हर अर्धा चहा हातात घेऊन येतो, बसतो, आणि त्याच्या त्या मूठभर वजनासाठी तुम्ही पुन्हा सगळं मोजता. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा सटकला.

तर तुमचा नेम आठवून मी कामाला लागलो. ओळखीच्या धान्यवाल्यांकडून चार इलेक्ट्रॉनिक काटे मागून आणले, प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. सीटवर माणूस पाहिजे, म्हणून मी बसलो. पोरगी ड्यूटीवर होती आणि मला दम नव्हता. शेजारचा पंक्चरवाला आकडे वाचत गेला, मी उतरून स्प्रिंगांची उंची कमी-जास्त करायचो, पुन्हा बसायचो. पुढची दोन्ही चाकं अगदी सारखी भरली, तेव्हा आकडे खडूनं भिंतीवर लिहिले आणि मिशीला ताव दिला. आणि सरावाला पुन्हा तेच. एकच काळी रेघ, उजवीकडे.

संध्याकाळी तिनं भिंतीवरचे आकडे एकेक करून वाचले. मग तिनं विचारलं, काट्यावर गाडी होती तेव्हा सीटवर कोण होतं. मी म्हटलं, मी. तुमचं वजन किती? म्हटलं, असंन पंच्याऐंशी.

"माझं एक्कावन हाये, बाबा." ती हसली नाही. "आमच्याकडं पेशंटच्या काठीची उंची ठरवाची असली तर आम्ही पेशंटलेच उभं करतो. त्याच्या भावाले नाई."

माझ्या वजनानं बरोबर केलेली उजवी बाजू ती बसली की हलकी व्हायची, आणि हलकं चाक फिरत राहायचं. इतकं सोपं. विशीत कॉलर धरून शिकवलेलं साठीत विसरलो. ती म्हणाली, "असं काऊन केलं पण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्या उस्तादाची रीतच तशी होती, मिस्त्रीनंच बसायचं. ती म्हणाली, मग तुमच्या उस्तादांचंच चुकलं म्हणा. मी म्हटलं, हो, चुकलं असंन.

दुसऱ्या दिवशी तिला हेल्मेटसकट बसवलं. दोन तास. ती मोबाईल बघायला वाकली की मी ओरडायचो, मान सरळ ठेव, काटा हलते. चाकांचं कलणं अर्ध्यावर आणलं, मागची बाजू एक खूण कडक केली. वळणातलं थोडं गेलं, सुटण्यातलं थोडं आलं. दोन्ही पूर्ण मिळत नाहीत, हे अजून माझ्या पचनी पडत नाही. परवाच्या शर्यतीत दोन काळ्या रेघा उमटल्या. ती चौथी आली आणि नागपूरचं नाव पुन्हा काढलं नाही.

काल तिच्या शर्यतीच्या मैत्रिणी गॅरेजमधे आल्या होत्या. ती त्यांना सांगत होती, बाबांचे उस्ताद चुकीचं शिकवून गेलते, पण बाबांनी आपल्या अकलेनं दुरुस्त केलं. पोरी माझ्याकडं कौतुकानं पाहत होत्या. तेव्हाच खरं सांगायचं होतं. मी त्यांना चहा घेता का विचारलं.

हे पत्र तिच्या गाडीत, स्टिअरिंगवर ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, तुम्हाला नव्हे, तिला वाचता यावं म्हणून. सकाळी ती गाडी घेऊन ड्यूटीवर गेली. मी फाटक उघडून दिलं, आणि पत्र माझ्याच खिशात राहिलं.