रिकाम्या जागी मी

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण, बायको. ती म्हणते की राग आला की आधी लिहून काढ, मग बोल. मी तिला शांतपणे समजावलं की मला राग येत नाही, समोरचे लोक चुकतात. ती हसली. त्याचा राग आला. लिहून काढला.

आता मुद्द्याचं. आमच्या कंपनीचं एक ॲप आहे. फ्रिज, मिक्सर, गीझर काहीही बिघडलं की लोक त्यावर बुकिंग करतात आणि आम्ही कारागीर पाठवतो. पडद्यावर कारागिराचं नाव, फोटो, त्याला मिळालेले तारे आणि फोनचं बटण दिसतं. हे पडदे मी करतो. सगळे. महिनाअखेरीस टीम लीड नेमणार आहेत. दुसरं कोण आहे इथे त्या लायकीचं? तरी जाहीर होईपर्यंत नम्र राहायचं ठरवलंय.

संध्याकाळी टेस्टर बाईंनी नम्रपणाची वाट लावली. आमच्या कामात चुका काढायच्या हीच या बाईंची नोकरी, आणि ती त्या फार आवडीने करतात. त्यांची तक्रार अशी, की कारागीर अजून ठरलेला नसेल तर त्याच्या नावाच्या जागी 'नल' उमटतं. "तुमचा कारागीर नल थोड्याच वेळात निघेल." नल म्हणजे तिथे काहीच माहिती नाही. हा माझा प्रश्नच नाही. सर्व्हरवरून माहिती आली नाही तर मी कुठून दाखवू? ताटात वाढलंच नाही, तर ताटाला कशाला बोल लावता?

४ मार्च, बुधवार
खालच्या मजल्यावर जाऊन सर्व्हरवाल्याला झापला. रिकामी माहिती वर पाठवायची नाही, असं बजावलं. तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला, कारागीर ठरलेलाच नाही तर नाव कोणाचं पाठवू, माझ्या मेव्हण्याचं? उत्तर सुचेपर्यंत त्याचं बिस्किट खाऊन झालं होतं. जिना चढताना तीन उत्तरं सुचली.

५ मार्च, गुरुवार
टेस्टर बाईंची तक्रार मी 'माझ्याकडे बरोबर चालतं' असं लिहून बंद केली. त्यांनी उघडली. मी बंद केली. त्यांनी उघडली. पुन्हा बंद करून जेवायला गेलो, येईपर्यंत तिसऱ्यांदा उघडली होती. या बाई जेवत नाहीत का?

६ मार्च, शुक्रवार
साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्याहून वयाने लहान आहेत, पण खुर्ची मोठी आहे. म्हणाले, उद्या नवी आवृत्ती बाहेर जाणार, त्यात नल दिसता कामा नये, आणि लीडचा निर्णय याच कामावरून होईल. अपमान गिळला आणि कामाला लागलो.

पडद्याच्या आराखड्यात तशी सोय आहे. माहिती आली नाही, तर त्या जागी काय दाखवायचं ते आपणच लिहून ठेवायचं. याला फॉलबॅक म्हणतात. आता पडदा करताना मी नमुना म्हणून माझीच माहिती वापरतो. नावाच्या जागी 'कुशल कारागीर', फोटो माझा, टाय लावलेला, नंबर माझा आणि पाच तारे. नमुना फक्त आपल्याला दिसावा, गिऱ्हाइकाला नाही, अशी वेगळी सोयही आहे. पण एकच गोष्ट दोनदा लिहायची म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. तोच नमुना उचलून फॉलबॅकमध्ये टाकला. पाच मिनिटांचं काम. नल गायब.

टेस्टर बाईंनी विचारलं, हा टायवाला कोण? मी म्हणालो, नमुना. त्या म्हणाल्या, तिथे 'कारागीर ठरवत आहोत' असं लिहा आणि फोनचं बटण लपवा. त्यांना समजावलं की खऱ्या जगात कारागीर ठरलेलाच असतो, रिकामी माहिती फक्त तुमच्याच फोनवर येते. त्यांनी नवी तक्रार लिहिली. तिच्यावर मी 'किरकोळ, पुढे बघू' असा शेरा मारला. तो अधिकार मला आहे.

९ मार्च, सोमवार
सकाळपासून राँग नंबर. एका बाईंनी विचारलं, कुठवर पोचलात? मी म्हणालो, ऑफिसात. त्या म्हणाल्या, अजून तिथेच? मग निघा की. फोन ठेवला. पुन्हा त्याच. म्हणाल्या, फोन ठेवायला लाज वाटत नाही का? लाज मला वाटायला हवी!

१० मार्च, मंगळवार
आज तर उच्छाद. फ्रिज, मिक्सर, पुन्हा फ्रिज. एक गृहस्थ म्हणाले, फोटोत तर सज्जन दिसता. कसला फोटो म्हणून विचारलं तर म्हणाले, आता फोटोही नाकारा. लोकांची डोकी फिरली आहेत.

माझा नंबर कोणीतरी मुद्दाम पसरवलाय. संशय : सर्व्हरवाला. आज जिन्यात माझ्याकडे बघून हसला. तक्रार करायला फोन कंपनीला फोन केला तर अर्धा तास संगीत ऐकवलं आणि लाइन कापली. पुन्हा केला. पुन्हा तेच संगीत. आता ते डोक्यातून जात नाही.

१२ मार्च, गुरुवार
किराणा दुकानात रांगेत उभा होतो. पुढचे म्हातारे गृहस्थ वळून वळून बघत होते. शेवटी म्हणाले, तुम्ही गीझरवाले ना? मी म्हणालो, मी सीनियर इंजिनियर आहे. ते म्हणाले, असाल, पण गीझरचं काय? सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. साबण न घेताच घरी आलो. बायकोने विचारलं, साबण? तिच्यावरही ओरडलो.

संकल्प : उद्या दिवसभर राग नाही.

१३ मार्च, शुक्रवार
संकल्प सकाळी चहाच्या आधीच मोडला. चूक माझी नाही. एका माणसाने सलग चार वेळा फ्रिजचं विचारलं. मी म्हणालो, आणा तो फ्रिज आणि ठेवा माझ्या डोक्यावर. त्याने विचारलं, उचलायला माणसं तुमची की माझी?

दुपारी गीझरवाल्या म्हाताऱ्यांचा फोन आला. आवाज ओळखला. गार पाण्याने आंघोळ करा, डोकं शांत राहील, असं सांगितलं. सल्ला काही वाईट नव्हता.

ऑफिसात मात्र उत्तम चाललंय. साहेब म्हणाले, नल दिसत नाही, छान काम. लीडपद जवळजवळ खिशात.

१५ मार्च, रविवार
हे लिहायला नको वाटतंय. पण हे फक्त आपल्यासाठीच आहे.

आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. दार उघडेना, आत ओले कपडे. मी म्हणालो, मी इंजिनियर आहे, बघतो. तासाभराने बायको म्हणाली, तुझ्याच ॲपवरून कारागीर बोलावते. मला अभिमान वाटला. ती समोर बसून बुकिंग करत होती, मी पोहे खात होतो. माझा फोन वाजला. बघतो तर हिचाच.

"समोर बसून फोन कशाला करतेस?"

"तुला नाही केला. कारागिराला केला."

तिने फोन माझ्यासमोर धरला. टाय, पाच तारे, माझा नंबर. खाली लिहिलेलं : तुमचा कारागीर कुशल कारागीर थोड्याच वेळात निघेल.

मला वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "आठवडाभर ज्यांच्यावर ओरडलास ते लोक बरोबर होते म्हणजे. आणि मी पण."

पोह्यांची बशी बाजूला ठेवली. लाज वाटली. खरोखर वाटली. मग वाटलं, मुळात सर्व्हरवाल्याने कारागीर वेळेत ठरवले असते तर ही वेळच आली नसती. याने थोडं बरं वाटलं. कपडे अजून मशीनमध्येच आहेत.

१६ मार्च, सोमवार
सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन गुपचूप दुरुस्ती. माझी माहिती काढली. 'कारागीर ठरवत आहोत' असं लिहिलं, फोनचं बटण लपवलं. शब्द योगायोगाने टेस्टर बाईंचेच आले. दुसरे कुठले लिहिणार? नवी आवृत्ती 'किरकोळ सुधारणा' म्हणून पाठवली. कोणाला पत्ता नाही. प्रकरण संपलं.

१८ मार्च, बुधवार
संपलं नाही. लोक ॲप अपडेटच करत नाहीत! आम्ही इथे मरमर मरून नवी आवृत्ती काढायची आणि हे जुनीच कवटाळून बसणार. त्यांच्या फोनवर मी अजून टाय लावून उभा आहे. एका बाईंना पाच मिनिटं समजावलं की आधी ॲप अपडेट करा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मिक्सर चालू होईल?

नंबर बदलावा असं ठरवलं. बायको म्हणाली, बँक, शाळा, गॅस, सगळीकडे हाच नंबर आहे. आणि जुना नंबर उद्या ज्याला मिळेल त्याने काय पाप केलंय? मी म्हणालो, त्याचं तो बघेल. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आवडली नाही. नंबर तोच ठेवला.

२३ मार्च, सोमवार
सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. ॲपची पत घसरली आहे. साहेबांनी लोकांचे अभिप्राय मोठ्या पडद्यावर लावून वाचले. "कारागीर फोन उचलतो, पण अंगावर येतो." "पाच तारे आहेत, पण जिभेला हाड नाही." "गीझरचं विचारलं तर म्हणाला, गार पाण्याने आंघोळ करा. माझं वय शहात्तर आहे."

साहेब लाल झाले होते. कोण हा कारागीर, म्हणून विचारलं. सर्व्हरवाला म्हणाला, असा कारागीर आपल्याकडे नोंदलेलाच नाही, शुक्रवारी सबंध दिवस शोधला. अशा वेळी होणाऱ्या लीडने पुढाकार घ्यायचा असतो. मी म्हणालो, कोणीही असो, असल्या माणसाला दारातही उभं करू नये. माझा आवाज चांगला खणखणीत लागला.

साहेबांनी पुढचा अभिप्राय उघडला. त्यात गिऱ्हाइकाने आपल्या पडद्याचा फोटो जोडला होता.

भिंतीएवढा मी.

कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, सगळे भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, सर्व्हरवाला आता हसेल. तो नेमका आज हसला नाही. टेस्टर बाईंनी आपली जुनी तक्रार उघडून भिंतीवर लावली. खाली माझा शेरा : किरकोळ, पुढे बघू.

"मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

फॉलबॅकचं तत्त्व मुळात बरोबर आहे, हे मला सांगायचं होतं. सुरुवातही केली. साहेब म्हणाले, "बसा." मी बसलेलोच होतो.

२७ मार्च, शुक्रवार
लीड : टेस्टर बाई.

राग आला. सगळ्यांचा आला. पडदे करता न येणाऱ्या माणसाने पडदे करणाऱ्यांवर बसायचं, हा कुठला न्याय? दिवसभर कोणाशी बोललो नाही. कोणी बोलायलाही आलं नाही, त्यामुळे अबोला धरलाय हे कोणाला कळलंच नाही.

संध्याकाळी बाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, लोकांच्या फोनमधून जुनी आवृत्ती जाईपर्यंत हे फोन येतच राहणार. नंबर तुमचा आहे, तेव्हा ते तुम्हीच घ्यायचे. कारागीर ठरला की नाही ते बघून सांगायचं आणि माफी मागायची. पडदे तोवर दुसरं कोणी बघेल. मी विचारलं, हे किती दिवस? त्या म्हणाल्या, "ते लोकांवर आहे. आणि थोडं तुमच्यावर." त्या ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं.

घरी सांगितलं की ग्राहकांशी थेट संपर्काची जबाबदारी दिली आहे. बायकोने विचारलं, आणि लीडचं? मी चपला जागेवर ठेवायला गेलो. तिने पुन्हा विचारलं नाही. वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

३ एप्रिल, शुक्रवार
खिडकीजवळची जागा गेली. आता दाराजवळ बसतो. जाणारा येणारा प्रत्येक जण दार उघडं टाकून जातो. दिवसभर, "नमस्कार, बोला." आज फक्त दोनदा आवाज चढला. तिसऱ्यांदा चढणार होता, तेवढ्यात बाई पाणी प्यायला आल्या.

चारच्या सुमारास एका आजींचा फोन आला. फ्रिजमधून पाणी गळतंय. त्यांची माफी मागितली, कारागीर उद्या सकाळी येईल म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही फार नीट बोलता हो. याच नंबरवर आधी एक भांडकुदळ माणूस असायचा. तो गेला का?

मी म्हणालो, गेला.

"काढून टाकला?"

"हो, आजी."

"बरं झालं. पण मी म्हणते, अशा माणसाजवळ त्याच्या घरचे कसे राहत असतील?"

टेबलावर पेन होतं, ते उचललं, पुन्हा ठेवलं. दार उघडंच होतं.

"राहतात बिचारे," मी म्हणालो, आणि त्यांचा पत्ता विचारला.