आयच्या गळ्यातला टाक

रोहा, ता. ११ फेब्रुवारी १९७३

प्रिय जगनदादास,

जनूचा रोह्याहून नमस्कार. मी बरा आहे. तूही तिकडे जम्मूच्या थंडीत धडधाकट असशील असं धरून चालतो. तुझं पत्र आधी गावी, गडबला गेलं, गोदूकाकूच्या फडताळात पडून राहिलं, मग इकडे आलं.

तू विचारशील, रोह्याला कसा? पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळत होतो. कंटाळा आला, एसटी दिसली, चढलो. उतरलो तो तुझ्या विठूमामाच्याच दारात. मामा सख्खा तुझा, पण मामी मला भाचेबुवा म्हणते न् वालाचं बिरडं वाढते. मामाने म्हैस घेतली आहे. लाथा मारते. नदीला अजून पाणी आहे.

हां, तू टाकाचं विचारलंस. 'माझ्या आईचा टाक आहे, मामाकडे ठेव.' बरोबर आहे तुझं. सगुणाआई गेली न् बाबांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या आयच्या गळ्यात आला. मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून बायका तो घालतात. आयनं मात्र सवतीला कामाला लावलं.

लढाईच्या वेळचं घरचं तुला ठाऊक नाही, तू आघाडीवर होतास. त्या डिसेंबरात ब्लॅकआउट होता, संध्याकाळी उजेड दिसला की पोलीसपाटील ओरडत यायचा. म्हणून आयनं शेतात पोपटी भरदुपारी लावली. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं उपडं, वर पेंढ्याचा जाळ. उन्हात कोण पोपटी लावतं? येणारे-जाणारे हसत होते. मी पहिली शेंग उचलली तर हातावर चापट बसली. पहिली मूठ टाकापुढं. पदराखालून टाक काढून ती त्याच्याशी बोलायची, कुंपणापलीकडच्या बाईशी बोलावं तशी.

"सगुणे, खा गो. न् जा तिकडं. पोराच्या अंगावर पांघरूण हाय का बघ."

रोज हेच. भाकरीचा पहिला तुकडा तिला, चहाचा पहिला घोट तिला. तुझं खुशालीचं कार्ड आलं तर टाक समोर धरून मला मोठ्यानं वाचायला लावलं. तेव्हा माझ्या अंगात ताप होता, दादा. मी म्हटलं, "आय, माझ्यासाठी पण सांग की तिला कायतरी."

"तुझ्यासाठी तिला कशाला? तुझ्यापाशी मी हाय. त्याच्यापाशी मला पोचता येत नाय, म्हणून तिला धाडते."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ताप उतरल्यावर मी महाडला पळालो, मग अलिबागला, मग मुरुडला. लांब गेलो की माझ्यासाठीही टाकाशी बोलेल, एवढंच डोक्यात. परत आलो की नुसतं विचारायची, "जेवलास?" मुरुडचा किल्ला छान आहे, ते राहू दे.

बाबा गेले तेव्हा मंगळसूत्र उतरलं, टाक उतरला नाही. दिवाळीनंतर आय गेली, तुला रजा मिळाली नाही, तेव्हा बायकांनी तो काढून माझ्या हातात दिला. तिच्या अंगावर दुसरं काही नव्हतंच. घामानं, पदरानं घासून वरचा चेहरा पार गेलाय. नाक-डोळे कळत नाहीत. तुला त्यात तुझी आई दिसायची नाही. मला माझी दिसते.

मामाकडे मी तो दिलेला नाही. माझ्या गळ्यात आहे, सदऱ्याच्या आत. आंघोळीला बसलो तेव्हा मामीनं पाहिला न् हसत सुटली. "अरे, बाप्याच्या गळ्यात सवतीचा टाक? तुला रे कोण सवत?"

मी तुझं नाव सांगितलं.

टाक तुझा आहे. विकणार नाही, हरवणार नाही. पण पोस्टानं पाठवायला सांगू नकोस. शिमग्याला रजा काढून गडबला ये. दोऱ्याची गाठ मानेच्या मागं आहे, माझ्या हातानं ती सुटत नाही. तू सोड. मी मान खाली घालून बसेन.

हौसाआयच्या पोटचा,
आणि नाइलाजानं तुझा धाकटा भाऊ,
जनू