अकरा एक

५ जानेवारी १९७८

झाला एकदाचा निकाल! वाचनालयाच्या कमिटीवर मी धरून आमचे अकरा, त्यांचे दहा. आता रविवारी या एकवीस जणांनी गुप्त मतदानानं अध्यक्ष निवडायचा. त्यांचा झाला तर महिलांची वाचनखोली लॉजवाल्याच्या घशात. ती खोली सुलानं — आमच्या कुटुंबानं — साऱ्या गावाशी भांडून मिळवलेली. दुपारची तिथं बसली की मलासुद्धा ओळखत नाही!

कुणी फुटू नये म्हणून आमचे उमेदवार लालासाहेब यांनी सगळ्यांना बिरोबाच्या देवळात नेऊन भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. मी म्हटलं, हळदीपेक्षा गणितावर भरवसा ठेवा. अकरा एक ओळीनं मांडा — ११,११,११,११,१११. तीननं भाग जात नाही, सातानं नाही, अकरानं नाही, तेरानं नाही. मूळ संख्या! कशानंही न फुटणारी, आमच्या पॅनेलसारखी!

"लय भारी गड्या! फळ्यावरच लिव्ह," लालासाहेब म्हणाले.

लिहिली. वाचनालयाच्या दारात, हातभर.

७ जानेवारी

फळ्यापुढं गर्दी. माझ्या आकड्याखाली ज्योतिबा मास्तरांच्या खडूनं — ते विरोधी गटाचे, मिरजेला गणित शिकवतात — २१,६४९ × ५,१३,२३९.

थट्टा असणार! घरी येऊन गुणाकार केला. पुन्हा केला. ओळीनं अकरा एक!

मास्तरांना गाठलं. "आवं, दोन एक मांडलं की अकरा, ती मूळ. म्हणून अकरा एक मांडलं तरी मूळच, हे तुमाला कुनी सांगितलं? एकोणीस एक मांडा, मूळ हाय. तेवीस मांडा, हाय. तुमी तेरापतूर भागलं आन् दमला व्हय?"

गावभर हसं. सुला हसली नाही. "माझी खोली ऱ्हातीया न्हवं?"

वेडी कुठली!

८ जानेवारी

मतदान. समोर बसून मास्तर मिशीत हसत होते. मीही मतपत्रिकेवर त्यांना सणसणीत उत्तर देऊन आलो.

पेटी उघडली — दहा-दहा! एक मत बाद! चिठ्ठी काढली, ती त्यांची निघाली.

भंडारा उचलून दगा! लालासाहेब भिंतीला टेकून, "आपलाच हाय रं कुनीतरी." घरी येऊन त्या हरामखोरावर असा लेख खरडला की वाचून त्यानं गाव सोडावं. साप्ताहिकाला धाडला.

सुला जेवली नाही.

९ जानेवारी

खोलीतली कपाटं व्हरांड्यात. लॉजवाला खाटा कुठं मावतील ते बघून गेला.

१० जानेवारी

लेख छापून आला. लोक वाहवा करताहेत.

लालासाहेबांनी हट्टानं बाद मत बघायला मागितलं. मला शेजारी उभं करून. त्यांच्या नावापुढं फुली नव्हती. ओळीनं अकरा एक होते, झोकदार. "फुलीबिगर काय बी लिवलं की बाद," अधिकारी म्हणाला.

अक्षर माझं. लालासाहेबांनी मतपत्रिकेची घडी घालून ती परत दिली.

घरी आलो. सुला दारातच. "कोन फुटलं, कळलं का वो?"