दारावरची पितळी पाटी

ता. ५ जून

चि. वकीलसाहेबांस,
अ. उ. आशीर्वाद.

आक्का वाचायला शिकली आहे आणि रविवारी तुझ्याकडे परत यायला निघणार आहे, म्हणून हे पत्र. एरवी तुला लिहिण्याची मला हौस नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे आली, ती नजर सुधारताच हात धुऊन अक्षरांच्या मागे लागली. मलाही शाळेतून निवृत्त झाल्यावर रागवायला कुणी नव्हतंच. आता रस्त्याने पाट्या मोठ्याने वाचत चालते. काल एका सभ्य गृहस्थांना ‘येथे थुंकू नये’ दोनदा वाचून दाखवलं.

जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री करून या थोरल्या बहिणीने आपल्या दोघांना शिकवलं. घर बांधलंस तेव्हा दारावरच्या पाटीत सगळ्यात वर तिचंच नाव आहे, असं तू तिला सांगितलंस म्हणे. हे मला परवा कळलं. ती रोज सकाळी ती पाटी घासते. पाटीवर तू आहेस, तुझी बायको आहे, तुझ्या पदव्या आहेत. आक्का नाही. तिला ते नाव स्वतः वाचायचं आहे. काय करतोस बोल.

तुझी,
ताई

ता. ८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वयात तिला शिकवून तू काय मिळवलंस? पाटीवर जागाच उरली नव्हती गं. नवी करायला टाकतो, तोवर तिला थोपव. पण फार नको. हिला स्वयंपाकघर झेपत नाही, बाहेरचं खाऊन माझे हाल चाललेत. आलीच तर पाटी पॉलिशला दिली म्हणू. लोभाला ओहोटी नको.

तुझा,
धाकटा

ता. १२ जून

चि. वकीलसाहेबांस,
अ. उ. आ.

रविवारी तुला कोर्टाचं काम निघालं, हे ऐकून धन्य झाले. आक्काला पोचवायला मी आले, तर दारावर नुसती स्क्रूंची भोकं होती. पाटी पॉलिशला गेल्याचं तुझ्या बायकोने सांगितलं. रोज मी घासते ती कुणाकडे पाठवली, असं आक्काने विचारलं आणि पदर खोचून चहा ठेवायला आत गेली. पाटी पिठाच्या डब्यामागे होती. आक्कापासून वस्तू लपवायची आणि तीही स्वयंपाकघरात! कोर्टात कसे निभावता?

तिने बोट ठेवून सगळी पाटी वाचली. मग उलटी करून मागची बाजूही पाहिली. बाळाच्या पदव्या छान मावल्यात, एवढंच म्हणाली. चहा मात्र केला नाही.

ती आता माझ्याकडेच राहील. तुझ्या बायकोच्या हाती दिलं ते असं: कपाटाच्या किल्ल्या, दुधाचं कार्ड, पाटी. पोच लिहून घेतली. आक्काने ती आधी वाचली, मगच किल्ल्या सोडल्या.

ताई